सातवीच्या वर्गात कोण बसलंय?

जूनमध्ये शाळा उघडली की परिपाठाला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात. तिसरी-चौथीच्या रांगा सरळ चढत जातात. दहावीच्याही बऱ्यापैकी जमतात. घोटाळा होतो तो सहावी, सातवी, आठवीत. एखादी मुलगी बाईंच्या खांद्याच्या वर गेलेली असते आणि तिच्याच वर्गातला मुलगा अजून पाचवीतला वाटतो. दोघांचं वय बारा, पुस्तक एक, गृहपाठही एकच. हजेरीपटावर नुसती नावं दिसतात. प्रत्यक्षात त्या वर्गात काही लहान मुलं, काही जवळजवळ मोठी झालेली माणसं आणि बरीचशी अधलीमधली मंडळी बसलेली असतात.

आपल्याकडे या वयाकडे वेगळं म्हणून पाहण्याची सवय नाही. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते आठवी हा एक सलग पट्टा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी, म्हणजे साधारण ११ ते १४ वर्षं, हा स्वतंत्र स्तर मानला, ते चांगलं झालं. महाबळेश्वर तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवर गेलं तर या वेगळेपणाचा अर्थ लगेच कळतो. वाडीवरची शाळा चौथीला, पाचवीला, फार तर सातवीला संपते. पुढे मुलाला मोठ्या गावातल्या हायस्कुलात जावं लागतं. एका गुरुजींच्या किंवा बाईंच्या नजरेखाली दिवस काढणारं मूल आता तासागणिक बदलणाऱ्या शिक्षकांच्या हाती पडतं. गणिताच्या सरांना त्याचं गणित माहीत असतं, मराठीच्या बाईंना त्याचं अक्षर. अख्खं मूल कुणालाच माहीत नसतं. आणि हे सगळं नेमकं त्याचं शरीर बदलत असताना घडतं.

शाळेतले सर्वांत अनुभवी शिक्षक दहावीला द्यायचे, कारण निकाल लागायचा असतो, अशी आपल्याकडची रीत आहे. मला ती चुकीची वाटते. दहावीत जे मूल अभ्यासातून सुटतं, ते बहुतेक वेळा सहावी-सातवीतच सुटलेलं असतं. दहावीत ते फक्त कागदावर येतं.

शरीरापासूनच सुरुवात करू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला इशारा जातो, तिच्याकडून बीजांडकोशांना किंवा वृषणांना, आणि वयात येण्याची प्रक्रिया सुरू होते. मुलींमध्ये ही सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४. पाच वर्षांचा हा पल्ला पूर्णपणे निरोगी आहे. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींना मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी येतो, म्हणून सातवीची रांग अशी वाकडी दिसते. हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं. त्यामुळे काल नीट कॅच घेणारा पोरगा आज चेंडू सोडतो, डबा सांडतो, दाराला धडकतो. मोठी माणसं त्याला धांदरट म्हणतात.

कवितेच्या तासाला तेरा वर्षांच्या मुलाला उभं करून वाचायला सांगा. पहिल्या दोन ओळी ठीक जातात, तिसऱ्या ओळीला आवाज फाटतो, वर्गात खसखस पिकते आणि तो खाली बसतो. पुढचे सहा महिने तो हात वर करत नाही. शिक्षकाच्या टिपणात नोंद होते, 'वाचनात रस नाही'. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये या वयाच्या मनाविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. या मुलांना सतत वाटत राहतं की सगळं जग आपल्याचकडे बघतंय. पन्नाशीतल्या माणसाच्या शर्टाला डाग पडला तर तो रुमालाने पुसून कामाला लागतो. तेरा वर्षांच्या मुलीला तोच डाग दिवसभर दुसरं काही सुचू देत नाही.

मुलींच्या बाबतीत डागाची ही भीती अगदी खरी असते. पाळी याच वर्षांत सुरू होते आणि शाळेत पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातले काही दिवस मुलगी घरी बसते. शिक्षक वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार कितीही छान शिकवोत, ती तिथे नसते. ८ मार्च २०१८ पासून राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, त्यात जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत मिळण्याची सोय होती. योजना कोणतीही असो, ती मुलीपर्यंत पोचायला वर्गात एक तरी बाई अशी लागते जिला हे मोकळेपणाने सांगता येईल. तीच गोष्ट आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. सातवी-आठवीतल्या मुलीही त्यातून सुटत नाहीत. दुपारच्या तासाला डोळे मिटणारी मुलगी आळशी आहे असं ठरवण्याआधी तिची ही गोळी चुकते का, एवढं तरी विचारावं.

आता मेंदू. अमेरिकेतल्या जे गीड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी त्याच मुलांच्या मेंदूची एमआरआय चित्रं काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली. कपाळामागच्या भागातला करडा पदार्थ बालपणात वाढत जातो, मुलींमध्ये साधारण ११ व्या आणि मुलांमध्ये १२ व्या वर्षी सर्वाधिक होतो आणि मग कमी होऊ लागतो. वापरात नसलेल्या जोडण्या गळतात, वापरातल्या पक्क्या होतात आणि त्यांच्यावर चढणाऱ्या आवरणामुळे संदेश वेगाने धावतात. नियोजन, संयम, पुढचा विचार ही कामं करणारा हा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. उलट बक्षीस, थरार, कौतुक, अपमान यांना प्रतिसाद देणारी यंत्रणा किशोरवयात फार लवकर तापते. 'कळतं पण वळत नाही' ही आईची तक्रार या वयाला शब्दशः लागू पडते.

त्यात मित्र आले. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग मांडला. पडद्यावर गाडी चालवायची, दिवा पिवळा झाला तर थांबायचं की पुढे न्यायची ते ठरवायचं. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी बसवले की त्यांनी घेतलेली जोखीम खूपच वाढली. मोठ्यांच्या बाबतीत मित्र असण्यानसण्याने विशेष फरक पडला नाही. शिक्षकाने यातून एक व्यवहाराची गोष्ट उचलावी. सातवीतल्या मुलाला सगळ्या वर्गासमोर झापलं की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, मान खाली घालून मित्रांत कमीपणा घेणं किंवा उलट उत्तर देणं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एकट्याला गाठून तेच चार शब्द सांगितले तर तिसरी वाट उघडते. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. या वयात वर्गासमोर केलेला अपमान हा मानसिक छळच आहे, हे माझं स्पष्ट मत.

मित्रांचा हा ओढा वाईट कामाला लागतो तसा चांगल्याही. महाबळेश्वरहून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत सेंट पीटर्स ही निवासी शाळा आहे. तिथे पन्नासच्या दशकात झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा आठ वर्षांचा पारशी मुलगा आला. आईवडील समुद्रापलीकडे. वरच्या जबड्यातल्या जादा दातांमुळे चेहऱ्याबद्दल संकोच. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, स्वतः पियानोवर बसला. याच शाळेत तो 'फ्रेडी' झाला आणि पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. प्रत्येक शाळेतून असा गायक निघणार नाही, त्याची गरजही नाही. पण बारा वर्षांच्या बुजऱ्या मुलाला चार मित्र, एक वाद्य आणि ऐकणारा वर्ग मिळाला, तर 'मी कोण' या प्रश्नाचं त्याला एक उत्तर सापडतं. एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम हेच मानलं होतं, स्वतःची ओळख शोधणं. ज्याला ती शाळेत सापडत नाही, तो शाळेबाहेर शोधतो.

सातारा जिल्ह्याला याचा आणखी मोठा दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. त्यांच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची खेड्यातली मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, बागेत, शेतात, स्वयंपाकघरात कामं करत आणि शिकत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. भाऊरावांच्या हातात मेंदूची चित्रं नव्हती. तरीही या वयाला काय लागतं ते त्यांनी अचूक ओळखलं होतं. खरं काम, खरी जबाबदारी, बरोबरीचे सोबती आणि विश्वास टाकणारा एक मोठा माणूस. आज आपण तेरा वर्षांच्या मुलाला फळा पुसण्यापलीकडे कोणतीही जबाबदारी देत नाही आणि मग तो बेजबाबदार आहे अशी तक्रार करतो.

जावळी तालुक्यातल्या खिरखिंडीच्या मुलींचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या काठाला जात आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठत. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. मुलींवर ही वेळ यावी ही लाजेचीच गोष्ट. पण शिक्षकाच्या नजरेने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. वारा, पाणी, होडीचा तोल, सोबतिणींची काळजी हे सगळं ज्या मुलीला कळतं, ती वर्गात येऊन गप्प बसते आणि प्रगतिपुस्तकात 'सुधारणेस वाव' हा शेरा घेऊन जाते. तिच्याकडे असलेलं ज्ञान वर्गात यायला दारच ठेवलेलं नसतं.

या वयात विचार करण्याची रीतही बदलते. जाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी मुलांना लंबक दिला. दोरीची लांबी, वजन, सोडण्याची उंची, धक्का या चारपैकी कशामुळे झोके लवकर किंवा सावकाश होतात ते शोधायचं. लहान मुलं सगळंच एकदम बदलतात आणि गोंधळतात. अकरा-बारापासून पुढे काही मुलं तीन गोष्टी तशाच ठेवून एकच बदलू लागतात. डोळ्यांसमोर नसलेल्या शक्यतेचा विचार, 'समजा असं असतं तर' हा प्रश्न, इथे जन्म घेतो. नंतरच्या अभ्यासांनी एक दुरुस्ती केली. ही झेप वाढदिवस पाहून येत नाही, ओळखीच्या विषयात आधी येते, अनोळखी विषयात उशिरा, आणि ती शिकवूनही येते.

याच वयात न्याय-अन्यायाचा प्रश्नही धारदार होतो. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नाही असं म्हणता, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. 'पोरांना काय कळतंय' म्हणणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने तो निबंध एकदा वाचावा. सातवीतलं पोर 'सर, त्याला का नाही मारलं, मलाच का?' असं विचारतं तेव्हा ते उद्धटपणाच करतं असं नाही. न्याय सर्वांना सारखा हवा, हे तत्त्व त्याला नुकतंच सापडलेलं असतं आणि ते सगळीकडे लावून पाहत असतं.

महाबळेश्वरच्या शिक्षकाला या नव्या विचारशक्तीसाठी प्रयोगशाळा विकत आणायची गरज नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, आणि ज्यातून हे पाणी पडतं ते गोमुख तालुक्यातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेलं असतं. सातवीला विचारा, एकाच पठारावर पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना का जातो? सावित्री पश्चिमेला उतरून पोलादपूर, महाडवरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली करत सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेल्या दोन थेंबांतला एक अंगणात उतरतो, दुसरा परसात, एवढं सांगितलं की जलविभाजक कळतो. मग पुढचा प्रश्न. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवसांत खाली सांगलीत पूर आला. मधे काय काय घडलं असेल? धरणं, कऱ्हाडचा कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, नदीचं सपाट होत जाणारं पात्र. मुलं वादावादी करतील, नकाशे काढतील, मामाच्या गावाला फोन करून विचारतील. चौथीत 'नद्यांची नावे लिहा' एवढं पुरतं. सातवीत तेवढंच विचारणं हा या वयाचा अपमान आहे.

किंवा पाणी उकळून पाहा. समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून महाबळेश्वरात पाणी शंभरच्या ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पुस्तकात १०० लिहिलेलं आहे. भांड्यात तापमापी ठेवा, पाणी खळाखळा उकळू द्या, पारा शंभराच्या अलीकडेच अडलेला मुलांना दाखवा आणि गप्प बसा. पहिला आवाज येईल, 'तापमापी बिघडलीय'. दुसरी आणा. ती पण बिघडलीय? मग कुणीतरी म्हणेल की पाण्यात काहीतरी असेल. पाणी बदला. शेवटी एखादी मुलगी म्हणते की आमच्याकडे उघड्या पातेल्यात भात शिजायला वेळ लागतो, आई कुकरच लावते. तिथून दाबाकडे जाणारी वाट मुलंच काढतात. पुस्तक चूक की बरोबर, हा प्रश्न घेऊन मूल घरी गेलं की तो तास सार्थकी लागला.

आता त्या विषयाकडे येतो ज्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. शिक्षक प्रशिक्षणांत 'अध्ययन शैली' हा विषय हमखास असतो. काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. शिक्षकाने प्रत्येकाची शैली ओळखावी आणि तसं शिकवावं, असं त्यात सांगतात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची प्रश्नावली या कल्पनेचं सर्वांत गाजलेलं रूप. ऐकायला हे इतकं पटतं की कुणी शंका घेत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांनी ही कल्पना खरी मानली होती.

पुरावा मात्र उलट बाजूला आहे. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली तेव्हा शैलींची ७१ वेगवेगळी वर्गीकरणं सापडली. एकच मूल एका यादीत एक आणि दुसऱ्या यादीत दुसरंच. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि तीन सहकाऱ्यांनी या कल्पनेची खरी कसोटी काय ते सांगितलं. 'पाहून शिकणाऱ्या' मुलांपैकी अर्ध्यांना चित्रांनी आणि अर्ध्यांना बोलून शिकवायचं, 'ऐकून शिकणाऱ्यांचं'ही तसंच करायचं आणि सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. आपापल्या शैलीत शिकलेली मुलंच पुढे आली तर कल्पना खरी. अशा कसोटीला उतरणारा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवड असते हे खरं, कुणाला चित्रं आवडतात, कुणाला गप्पा. आवडीच्या रीतीने शिकवलं म्हणून ते जास्त शिकतात, हे खरं नाही. हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तांच्या सिद्धान्ताची साक्ष इथे काढली जाते, पण त्या बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनर यांनीच सांगितलं आहे. तीच गत प्रशिक्षणाच्या तक्त्यावर असणाऱ्या 'वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' या आकड्यांची. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला, त्यात एकही टक्केवारी नव्हती. ती मागाहून कुणीतरी चिकटवली.

पद्धत ठरवावी ती विषयाकडे पाहून. नकाशा सगळ्यांनाच पाहावा लागतो, लावणीचा ठेका सगळ्यांनाच ऐकावा लागतो, बटण लावायला सगळ्यांनाच सुई धरावी लागते. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळा मुलांनी स्वतः करून ज्ञान रचावं असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी राज्यभर गाजल्या आणि २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला तेव्हा गावोगावचे शिक्षक त्या पाहायला येत. तिथे काड्या, मणी, फरशीवर रंगवलेले अंक होते, ते सगळ्या मुलांसाठी. दहाचा गठ्ठा हाताने बांधल्याशिवाय स्थानिक किंमत कळायला कुणालाच अवघड, म्हणून काड्या. कुणी 'हाताने शिकणारा' म्हणून वेगळा काढलेला नव्हता.

शैलीचा बिल्ला या वयात घातकही ठरतो. ओळख शोधणाऱ्या मुलाला 'तू वाचून शिकणाऱ्यातला नाहीस' असं मोठ्या माणसाने सांगितलं तर ते तो मनावर घेतो आणि वाचन सोडून देतो. यातून वेगळी काढायची ती वाचन-अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया. पाचगणीच्या न्यू इरा शाळेत ज्याचं चित्रीकरण झालं त्या 'तारे जमीन पर' (२००७) मुळे डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. डिस्लेक्सिया हा मेंदूतला खरा फरक आहे, त्याची तपासणी होते आणि त्यावर नेटाने, अक्षर-ध्वनीच्या पायऱ्यांनी वाचन शिकवावं लागतं. अशा मुलाला 'हा चित्रांनी शिकणारा आहे' म्हणून सोडून देणं म्हणजे त्याची मदत काढून घेणं.

मग मुलामुलांत खरा फरक कशाचा? सर्वांत जास्त, आधीपासून काय माहीत आहे याचा. १९८८ मध्ये डोना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्याच मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. हा निष्कर्ष महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारच्या वर्गात आणून पाहा. वनस्पतींचं शाकीय प्रजनन शिकवताना पुस्तकात बटाटा आणि पानफुटी असते. समोर बसलेल्या निम्म्या मुलांनी घरच्या वाफ्यात स्ट्रॉबेरीच्या आईरोपाला फुटलेले रनर, म्हणजे जमिनीवरून धावणारे फुटवे, मातीत दाबलेले असतात, सप्टेंबरात रोपं लावलेली असतात, हंगामात शाळेतून घरी गेल्यावर पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, भरलेले असतात. ज्या मुलाला 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणतो, तो रनरवर दहा मिनिटं बोलू शकतो. त्याला बोलू द्या, मग त्याच्या बोलण्याला पुस्तकातले शब्द जोडा. भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव'ही आहे, मराठी पुस्तकं घराघरांत मांडलेली आहेत. पर्यटकांआधी त्यांच्यावर हक्क तिथल्या सहावी ते आठवीच्या मुलांचा.

आणि शिकलेलं टिकायचं तर आठवून पाहावं लागतं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल ते लिहिलं. आठवड्यानंतर तपासलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवला, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, 'काल शिकलेलं, पुस्तक न उघडता लिहा', गुण द्यायचे नाहीत, वही शेजाऱ्याला दाखवायची नाही. एवढ्याने जे होतं ते कोणत्याही शैलीच्या चाचणीने होत नाही.

राहिली झोप. ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून सिद्ध झालंय की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, पण तो नसता तरी तेरा वर्षांच्या मुलाला नऊला झोप आली नसती. त्याला आठ-नऊ तास झोप हवी असते आणि सकाळच्या सत्राची शाळा ती अर्धवट तोडते. वेण्णा तलावाकाठी दव गोठलेलं असताना एसटीच्या थांब्यावर उभी राहिलेली पोरं पहिल्या तासाला वर्गात असतात ती फक्त देहाने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, कॅलिफोर्नियाने त्या दिशेने कायदाही केला, हायस्कुलांसाठी साडेआठ आणि मधल्या इयत्तांच्या शाळांसाठी आठ ही मर्यादा घालून.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय घेतला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरावेत. निर्णय चांगला आहे, पण तो नेमक्या गरजेच्या इयत्तेआधी थांबला. लहान मुलं निसर्गतःच लवकर झोपतात आणि लवकर उठतात. उशिराची शाळा सर्वांत जास्त हवी आहे ती सहावीच्या पुढच्यांना. दोन सत्रांत शाळा चालवणाऱ्यांची जागेची अडचण खरी आहे. तरी सत्रं उलटी करता येतात, धाकट्यांना सकाळी आणि मोठ्यांना नंतर बोलावता येतं, त्यासाठी शासनाने चौथीपर्यंतची ती अट नव्याने तपासावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी हा विषय लेखी मांडावा, आणि तो ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.